समासातलं पीठ

मार्चएंडची पुस्तकमोजणी.
उदगीरचं वाचनालय, ब वर्ग,
कपाट नऊ : प्रवास, इतिहास,
आणि जागा नाही म्हणून त्यातच कोंबलेल्या परदेशी कादंबऱ्या.
मी काढतो, झटकतो, शिक्का बघतो,
दाखल क्रमांकापुढे बरोबरची खूण करतो.

दुपारी दोनला नॉर्वे झटकला
तर पानांच्या खाचेतून पांढरं काही सांडलं.
बर्फ म्हणायचा मोह झाला.
चिमटीत धरून बघितलं : जवारीचं पीठ,
जरा जाडसर.

सोजरबाई हुडगे. सभासद क्रमांक दोनशे अकरा.
चौबाऱ्याच्या मागे गिरणी.
लाईट गेली की पट्टा थांबायचा
आणि दळणाच्या डब्यांत बसून बाई देश बदलायच्या.
दोन पुस्तकं मागायच्या.
मी नियमावर बोट ठेवायचो : एका वेळी एकच.

आता समासात बारीक शिसपेन्सिल दिसते आहे.
नॉर्वे, पान साठ, सूर्य मावळत नाही तिथं :
'मग कोंबडे कव्हा आरवतेत?'

दूरच्या कुठल्या सुलतानाच्या इतिहासात,
त्यानं शहरंच्या शहरं उचलून दुसरीकडे वसवली तिथं :
'आपल्या दौलताबादला बी असंच आणले हुते.
वाटंत किती मेले ते ह्यानं बी लिहिलं नाही.'

रशियन कादंबरीच्या मागच्या कोऱ्या पानावर वंशावळ,
एकाच माणसाची तीन-तीन नावं,
त्यातल्या एका नावाखाली रेघ :
'आई ह्या नावानं हाक मारती. हेच खरं.'

आणि कुठलाही देश असो, पाणी आलं की फुली.
विहीर, नदी, बंदरावरचा नळ, उंटावरची पखाल.
वाळवंटाच्या पुस्तकात तर
फुल्यांनी समास भरून गेलाय.

नियम पाच : पुस्तकावर लिहू नये, दंड दहा रुपये.
खोडरबर माझ्या खिशातच असतं.
मी नॉर्वेपासून सुरुवात केली.
कोंबडे अर्धे गेले
आणि हात तळच्या खणात गेला.

तिथं कुणा गोऱ्या फिरस्त्याचं जुनं भाषांतर.
पुठ्ठा नाही, लेखकाचं नाव वाळवीनं खाल्लेलं.
हैदराबादेहून निघालेला माणूस. घोडा, ताप,
किल्ल्यांची मापं, एका मेजवानीवर सात पानं.
मग पान एकशे चार :
'उदगीर सोडल्यावर दुपारी एका खेड्यात थांबलो.
नाव विचारले नाही. पाहण्यासारखे काही नव्हते.
एका स्त्रीने पाणी दिले.'

बाजूची पेन्सिल इतकी दाबलेली
की मागच्या पानावर उलटी उमटली आहे :
'हे बोरतळा. माझं माहेर. आड हाय अजून.
पाणी गोड हुतं का खारं, तेवढं तरी लिहायचं.
अन् बाईचं नाव?'

मी खुर्ची ओढून बसलो.
बाहेर रिक्षावाला गुलबर्ग्याच्या कुणाशी तरी
कानडीत भांडत होता.

वाळवी लागलेल्या पुस्तकापुढं
शेऱ्याच्या रकान्यात 'बाद' लिहायचं असतं.
मी लिहिलं : 'बांधणीस द्यावे.'
मग कोंबडे परत लिहिले, माझ्या अक्षरात.
अक्षर जुळलं नाही. वेळ मलाही ठाऊक नव्हती.

संध्याकाळी दळण न्यायचं आहे. पाच किलो जवारी,
पिशवीत वर दोन पुस्तकं :
जपान, आणि त्या पलीकडच्या बेटांची एक कादंबरी.
रजिस्टरात एकच मांडलंय.
एकवीस वर्षं ह्या कपाटाच्या चाव्या माझ्याकडं,
आणि बोरतळा मी अजून पाहिलेला नाही,
बारा किलोमीटर असेल फार तर.
पट्टा फिरायला लागायच्या आत
बाईंना विचारून घ्यावं,
तिकडं एसटी कव्हा हाय.